दर जुलैत फुगणारी तळघरातली लाकडी फरशी: आधी पाण्याचा माग, मग लाकूड की व्हिनाइल

जूनमध्ये पाऊस लागतो तेव्हा काहीच होत नाही. जुलैचा तिसरा आठवडा आला की तळघरात अनवाणी चालताना फळ्यांच्या कडा पायाला लागायला लागतात. ऑगस्टमध्ये दार फरशीला घासतं, भिंतीकडची एखादी फळी उचलून येते, टाच दिली की दबते आणि सोडली की पुन्हा वर. दिवाळीपर्यंत सगळं आपसूक बसतं. मग एप्रिलमध्ये त्याच फळ्यांच्या मधे रुपयाचं नाणं उभं राहील एवढी फट. सुतार येतो, मशीन मारतो, पॉलिश होतं आणि पुढच्या जुलैत तोच खेळ पहिल्यापासून.

दोन-तीन पावसाळे असे काढले की घरात प्रश्न निघतो: लाकूड काढून व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांची फरशी, टाकायचं का? बहुतेक तळघरांसाठी उत्तर ‘हो’ असंच आहे. पण व्हिनाइल टाकल्याने फरशी फुगायची थांबते, ओल थांबत नाही. ती पट्ट्यांखाली तशीच राहते आणि कुबट वासाच्या रूपाने वर येते. म्हणून दुकानात जाण्याआधी खाली काय चाललंय ते शोधायला हवं.

खाली नेमकं काय बसवलंय?

पुण्यात दुकानदार ज्याला सरसकट ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात त्यात तीन वेगळ्या वस्तू येतात आणि तिघींचा आजारही वेगळा. दारातली धातूची पट्टी स्क्रू काढून उचला आणि कापलेली कड बॅटरीच्या उजेडात पाहा. वर लाकडाचं छापील चित्र आणि खाली दाबलेल्या भुशाचा तपकिरी थर, एकूण जाडी ८ मिमीच्या आसपास, तर ते लॅमिनेट. वर ३-४ मिमी खरं लाकूड आणि खाली प्लायचे आडवे-उभे थर, तर इंजिनिअर्ड. वरपासून खालपर्यंत एकच रेषा, १८-२० मिमी, तर ते अस्सल लाकूड.

लॅमिनेटच्या सांध्यावर कडा फुगून लहान डोंगर झाले असतील तर विषय संपला. भुशाचा थर एकदा फुगला की सुकल्यावर खाली बसत नाही, त्याला मशीनही मारता येत नाही. काढून टाका.

अस्सल लाकडाच्या फळीचा आकार बरंच काही सांगतो. कडा वर आणि मध्य खोल, म्हणजे फळी पन्हळीसारखी झाली असेल, तर ओल खालून येतेय: तळ फुगला, वरचा पृष्ठभाग तेवढा फुगला नाही. मध्य वर आणि कडा खाली असतील तर बहुधा मागच्या पावसाळ्यात फळ्या पन्हळलेल्या असतानाच कुणीतरी मशीन मारून वरच्या कडा तासल्या. लाकूड सुकलं, तळ सपाट झाला आणि तासलेल्या कडा खाली गेल्या. ही चूक इतकी नेहमीची आहे की ‘ऑगस्टमध्ये सँडिंग नको’ अशी पाटी तळघराच्या जिन्यातच लावायला हवी. फळीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या ओलीत १ टक्क्याहून जास्त फरक असेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. दोन सुयांचं मॉइश्चर मीटर वापरा. सुया आधी वरवर टोचा, मग खोल, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

फळ्या जोडीजोडीने तंबूसारख्या उभ्या राहिल्या असतील तर भिंतीकडेला जागाच सोडलेली नाही. आणि फळीखाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर फरशीचा विचार बाजूला ठेवून आधी वाळवीचं बघा. ओल्या तळघरात साध्या लाकडाच्या पट्ट्यांवर ठोकलेली फरशी म्हणजे वाळवीला आमंत्रण.

पाणी येतं कुठून, आणि कधी

कधी येतं हे कळलं की कुठून हे अर्धं कळतं. कॅलेंडरवर आठवड्यातून दोन वेळा तळघरातली स्थिती लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण फुकटचं आहे.

पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ओल येते आणि पाऊस थांबल्यावरही महिनाभर टिकते: हे जमिनीतलं पाणी. बावधन, बाणेर, सूस, पाषाणच्या उतारांवर, किंवा तळजाई-पर्वतीच्या पायथ्याला, याची रचना समजून घेण्यासारखी आहे. वर माती आणि मुरूम, खाली काळा बेसॉल्ट. मुरूम पाणी पितो, अखंड खडक पीत नाही. पाणी खडकाच्या माथ्यावरून उताराच्या दिशेने सरकत राहतं. तळघरासाठी खडक फोडून खड्डा केला, त्यात भिंती उभ्या केल्या आणि भिंती व खडक यांच्या मधली जागा सुट्ट्या मुरमाने भरली की तळघराभोवती एक हौदच तयार होतो. तो हौद भरायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून जूनमध्ये सगळं ठीक. चढाकडची भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो सांधा आधी पाझरतो. भिंतीचं काँक्रीट फरशीनंतर वेगळ्या दिवशी ओतलेलं असतं, त्यामुळे तिथे जन्मतःच एक रेघ असते.

बारा महिने एकाच कोपऱ्यात ओल असेल, मार्चमध्येसुद्धा, तर पावसाला दोष देऊ नका. पार्किंगखालची किंवा अंगणातली जमिनीखालची टाकी तपासा. रात्री दहाला येणारा आणि जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टीची खूण करा, सकाळी सहाला पाहा. २ × ३ मीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर जरी उतरली तरी ६० लिटर पाणी कुठेतरी गेलंय. टाकी पास झाली तर वरच्या मजल्याच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप आणि ड्रेनेजचे चेंबर.

सगळ्या फरशीवर बारीक, एकसारखा ओलसरपणा, आणि तोही एसी लावल्यावर: हे दव. बाहेरची हवा २६ अंश आणि ८५ टक्के दमट असेल तर २३ अंशांच्या थोडं वर असलेल्या पृष्ठभागावरही पाणी धरतं. होम थिएटरमध्ये एसी २०-२२ वर ठेवून दार उघडं टाकलं की हेच होतं. नुसत्या दवाने तळघर भिजणं पुण्यात कमी. पण एसीची खोली असेल तर ही शक्यता आधी खोडून काढा, कारण तिचा इलाज दार बंद ठेवणं आणि तापमान २५-२६ वर आणणं एवढाच आहे.

उरला तो सगळ्यात फसवा प्रकार. कुठेही पाणी दिसत नाही, पण फरशीच्या खालून वाफ येत राहते. जुन्या बंगल्यांत सोलिंगवर (दगडांच्या थरावर) थेट कोबा (सिमेंटची जमीन) आणि त्यावर शहाबादी असते, मधे प्लास्टिकचा थर नसतो. सांध्यात पांढरी भुकटी दिसते, भिंतीला खालच्या फूटभर लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. इथे फरशी हाताला कोरडी लागते आणि तरीही लाकूड फुगतं.

ऑगस्टची चाचणी

ठेकेदार तळघर मार्चमध्ये पाहायला येतो आणि कोबा खणखणीत कोरडा आहे असं सांगतो. खरंच असतो. मार्चमध्ये पुण्यात सगळंच कोरडं असतं. चाचणी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात करायची, जमिनीतलं पाणी वर असताना.

बोहरी आळीत १०० मायक्रॉनचं पारदर्शक पॉलिथिन मीटरवर मिळतं. ६० × ६० सेंटिमीटरचे पाच तुकडे कापा: चढाकडच्या भिंतीलगत दोन, मध्यभागी एक, बाथरूमच्या बाजूला एक, दाराजवळ एक. जागा आधी झाडून, पुसून, सुकवून घ्या, नाहीतर चिकटपट्टी सुटते आणि चाचणी वाया. चारही कडा रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. किमान १६ तास, शक्यतो तीन दिवस तसेच ठेवा. एसी आणि पंखा नेहमीसारखा चालू द्या. उचलताना दोन बाजू नीट पाहा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा खालचा कोबा गडद झाला असेल, तर वाफ जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला थेंब असतील तर ते हवेतलं दव.

ही चाचणी नापास झाली तर निकाल पक्का. पास झाली तर मात्र पूर्ण भरवसा नको, कारण ती वरच्या थराचीच गोष्ट सांगते. लाकूड किंवा चिकटवायचं व्हिनाइल बसवायचं असेल तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजून घ्या. स्लॅब एकाच बाजूने सुकत असेल तर भोक जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत घ्यायचं, म्हणजे १०० मिमी जाडीला ४० मिमी. त्यात सेन्सर बसवून तोंड बंद करायचं आणि किमान २४ तासांनी आकडा वाचायचा. ७५ टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक चिकट पदार्थ चालतात, काही ८५ पर्यंत चालतात. डब्यावर किंवा माहितीपत्रकात मर्यादा छापलेली असते; ती वाचून मगच डबा उघडायचा.

नव्या कोब्याबद्दल एक सूचना. २५ मिमी जाडीला साधारण महिनाभर सुकायला लागतो, तोही कोरड्या हवेत. जुलैत घातलेला कोबा दसऱ्याला कोरडा असेल असं गृहीत धरू नका.

लाकडाचा हिशोब

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, पॉलिश कितीही चांगलं असो. पॉलिशने फक्त वेग कमी होतो. हवा सतत ८५ टक्के दमट राहिली तर लाकडातली ओल १७ टक्क्यांपर्यंत चढू शकते. २५ टक्के दमट हवेत ती ५-६ टक्क्यांवर उतरते. पुण्यात एप्रिलची दुपार आणि जुलैचा आठवडा यांच्यात एवढी तफावत सहज असते. फळी जाड असल्यामुळे ती दोन्ही टोकं गाठत नाही. ८ ते १४, म्हणजे ६ टक्क्यांचा फरक धरून चला.

ओकची १२५ मिमी रुंद, सपाट चिरलेली फळी एवढ्या फरकाला सुमारे २.७ मिमी रुंद होते. सागवानाची साधारण १.४ मिमी. १२ फूट रुंदीच्या खोलीत अशा २९ फळ्या बसतात: ओक कागदावर ७८ मिमी वाढतो, सागवान ४० मिमी. भिंतीकडेला दोन्ही बाजूंना मिळून २०-२५ मिमी जागा सोडलेली असते. उरलेलं जाणार कुठे? खिळे थोडं अडवतात, आणि फळ्या एकमेकींना दाबून कडांचे तंतू चिरडतात. चिरडलेले तंतू पुन्हा फुलत नाहीत. म्हणून पावसाळ्यात दाटीवाटी झालेली फरशी उन्हाळ्यात आधीपेक्षा मोठ्या फटी दाखवते, आणि दरवर्षी फट थोडी वाढतच जाते. त्या फटीत लांबी (पुट्टी) भरली तर पुढच्या पावसाळ्यात फुगायला तेवढीही जागा राहत नाही.

यात आपल्याकडच्या हंगामाची भर. सुट्ट्या म्हणून घरातलं काम एप्रिल-मेमध्ये निघतं. लाकूड वर्षातलं सगळ्यात आक्रसलेलं असताना घट्ट बसवलं जातं आणि अडीच महिन्यांनी सगळ्यात जास्त फुगतं. लाकूड बसवायचंच असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. फळ्या खोलीत खोके उघडून, मधे चिपा घालून दोन आठवडे रचून ठेवा. मीटरवर ९-११ टक्के दिसले की बसवा.

मग काय निवडायचं

ऑगस्टची चाचणी नापास, किंवा सांध्यातून पाणी दिसतंय: दोन्ही नको. आधी पाणी.

पाणी थांबलं आहे, वाफ थोडी आहे, खोली रोज वापरात नाही: एसपीसी (चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीच्या कडक) गाभ्याचं क्लिक व्हिनाइल, म्हणजे गोंदाशिवाय एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या, खाली प्लास्टिकसह.

चाचणी सलग दोन पावसाळे पास, खोलीत आर्द्रतामापक आहे आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) जून ते ऑक्टोबर खरंच चालू राहणार आहे: इंजिनिअर्ड लाकूड विचारात घ्या. वरचं लाकूड सागवान असेल तर उत्तम. १८ मिमीचं अस्सल लाकूड तळघरात नकोच. ते वरच्या मजल्यावर शोभतं.

नदी किंवा ओढ्याकाठचं तळघर हा वेगळाच मामला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी ज्या घरांत शिरलं, किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत जे झालं, तिथे क्लिक व्हिनाइलही निरुपयोगी. पट्टी भिजून खराब होत नाही, पण गाळाचं पाणी सांध्यातून आणि कडेने खाली शिरतं आणि अख्खी फरशी उचलून धुवावी लागते. अशा ठिकाणी व्हिट्रिफाइड टाइल, इपॉक्सी ग्राउट आणि वर उचलून नेता येईल असा गालिचा.

आधी पाणी: थोडक्यात, पण क्रमाने

बाहेरून सुरुवात करा. छताच्या पाइपाचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर ते किमान दोन मीटर दूर न्या. चढाकडच्या अंगणातली फरशी घराकडे नव्हे, घरापासून दूर उतरायला हवी: मीटरला २० मिमी. या दोन कामांनी बऱ्याच तळघरांची अर्धी तक्रार संपते, आणि ठेकेदार ती सहसा सुचवत नाहीत, कारण त्यात बिल होत नाही.

आतून साधा डांबरी किंवा अ‍ॅक्रिलिक लेप देऊ नका. पाणी मागून ढकलत असतं; लेप फुग्यासारखा सुटतो. आतून करायचं तर स्फटिक तयार करणारा सिमेंटचा लेप, तोही जुना गिलावा पूर्ण काढून, काँक्रीट उघडं करून आणि पाण्याने भिजवून. भिंत-फरशीचा सांधा २५ × २५ मिमी खाच पाडून मोकळा करायचा, न आकसणाऱ्या मॉर्टरने भरायचा आणि वर ५० मिमीचा वाटा (कोपऱ्यातली गोलाई) मारायचा. सांधा वाहताच असेल तर आधी पॉलियुरेथेनचं इंजेक्शन: २०० ते ३०० मिमीवर तिरकी भोकं सांध्याला छेदतील अशी पाडून, पॅकर (इंजेक्शनची तोटी) बसवून, खालून वर किंवा एका टोकाकडून दुसऱ्याकडे. घाईत मधली दोन-चार भोकं सोडली जातात आणि पाणी नेमकं तिथूनच निघतं. काम चालू असताना समोर उभं राहून भोकं मोजा.

पाण्याचा दाब जास्त असेल तर ते अडवण्यापेक्षा वाट करून देणं शहाणपणाचं. चढाकडच्या भिंतीलगत आतून १०० मिमी रुंद नाली, १०० ला १ उतार, कोपऱ्यात ६०० × ६०० मिमीचा खड्डा, त्यात फ्लोट स्विचचा अर्धा अश्वशक्तीचा पाणबुडी पंप आणि पाइपात पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंपाला इन्व्हर्टरची जोड द्या. जोराच्या पावसात वीज जाते, आणि पंपाची गरजही तेव्हाच असते.

व्हिनाइल बसवताना

‘व्हिनाइल’ या नावाखालीही तीन माल विकले जातात. २-३ मिमीचं चिकटवायचं मऊ व्हिनाइल. एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा कडक गाभा, ४ ते ६ मिमी. आणि डब्ल्यूपीसी, ज्याचा गाभा फेसाळ आणि चालायला ऊबदार असतो पण जड सामानाच्या पायांखाली खड्डे पडतात. तळघरासाठी ५ मिमी किंवा जाड एसपीसी, वरचा झिजेचा थर घरासाठी ०.३ मिमी पुरतो, दवाखाना किंवा ऑफिस असेल तर ०.५ मिमी. चिकटवायचं व्हिनाइल ओल्या तळघरात टाळा: काँक्रीटमधून येणाऱ्या वाफेबरोबर क्षार येतात, पीएच ९-१० च्या वर गेला की बराचसा गोंद पुन्हा पातळ होतो आणि सांध्यातून काळपट चिकट रेघ वर येते. ती पुसली तरी आठवड्यात परत.

१२ × १५ फुटांची खोली धरू, १८० चौरस फूट. १२२० × १८० मिमीच्या दहा पट्ट्यांच्या खोक्यात २३.६ चौरस फूट माल येतो. कापाकापीसाठी १० टक्के धरले तर १९८ चौरस फूट, म्हणजे नऊ खोकी. प्लास्टिक २०० मायक्रॉनचं, भिंतीवर १५० मिमी चढवून आणि जोडांवर २०० मिमी एकावर एक घेऊन सुमारे २४० चौरस फूट लागतं.

तळ सपाट हवा: २ मीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. जुन्या कोटा दगडाच्या फरशीवर किंवा टाइलवर बसवायचं असेल तर नाण्याने ठोकत जा. पोकळ आवाज येईल ती टाइल काढून भरा. संपूर्ण खोली सरासरी ३ मिमीने सारखी करायची तर सेल्फ-लेव्हलिंग मिश्रण सुमारे ८५ किलो लागतं, २५ किलोच्या चार गोण्या. हे टाळलं की पट्टी चालताना खाली-वर होते, क्लिकची जीभ तुटते आणि महिन्या-दोन महिन्यांत चट-चट आवाज सुरू होतो. ग्राहक समजतो माल हलका. दोष बहुतेक वेळा तळाचा असतो.

पट्टीच्या पोटाला १ ते १.५ मिमीचा फोम आधीच चिकटवलेला असेल तर त्याखाली आणखी फोम टाकू नका. दुकानदार ‘मऊ लागेल’ म्हणून विकतो. मऊ लागतं आणि सांधे तुटतात.

पहिली ओळ लावण्याआधी शेवटच्या ओळीचा हिशोब. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी. दोन्ही भिंतींकडे ८-८ मिमी सोडले की ३६४२ उरतात. १८० च्या वीस ओळी ३६०० खातात आणि शेवटी ४२ मिमीची चिंधी उरते, जी ना नीट क्लिक होते ना टिकते. म्हणून पहिली ओळ उभी चिरून १११ मिमी करा, मधे १९ पूर्ण ओळी, शेवटची पुन्हा १११. शेजारच्या ओळींमधले आडवे सांधे किमान ३०० मिमीने पुढे-मागे ठेवा. दाराची चौकट खालून कापून पट्टी आत सरकवा. चौकटीभोवती पट्टी कोरत बसणारा कारागीर दिसला तर समजा की त्याच्याकडे त्या कामाची करवत नाही.

कडेची ८ मिमी जागा स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली) झाकते. स्कर्टिंग पीव्हीसीचं, भिंतीला स्क्रूने, फरशीला नव्हे. एमडीएफचं स्कर्टिंग तळघरात पहिल्याच पावसाळ्यात फुगतं. कपाट, स्वयंपाकाचा ओटा, काउंटर यांचे पाय व्हिनाइलमधून स्क्रूने खाली ठोकू नका. फरशी तरंगती आहे, म्हणजे खाली कुठेही चिकटवलेली नाही. एका बाजूला जखडली की दुसऱ्या बाजूला सांधा उघडतो. जड कपाट आधी बसवा आणि फरशी त्याच्या पायापर्यंत आणा.

जिम करणार असाल तर ट्रेडमिलखाली रबराची मॅट थेट व्हिनाइलवर टाकू नका. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळा डाग कायमचा पडतो. तेवढ्या भागात जाड रबरी टाइल थेट कोब्यावर घाला आणि व्हिनाइल तिथे थांबवा.

व्हिनाइल आधीच बसवलंय आणि वास येतोय

कोपऱ्यातलं स्कर्टिंग काढा, तीन-चार ओळी उलट क्रमाने सोडवा. प्लास्टिकखाली ओल पण प्लास्टिकच्या वर सुकं असेल तर थर काम करतोय. वास बहुधा प्लास्टिकची कड जिथे भिंतीवर चढवलेली नाही तिथून येतो. कड वर घ्या, चिकटवा, स्कर्टिंग लावा. प्लास्टिकच नसेल तर अर्धवट दुरुस्ती नको: सगळ्या पट्ट्या उचला, मागे क्रमांक लिहा, साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात न ठेवता सावलीत सुकवा. उन्हात एसपीसी वाकतं. कोब्यावरची बुरशी मास्क लावून, ब्रश आणि डिटर्जंटने घासा, पंखे लावून सुकवा आणि ऑगस्टची चाचणी पुन्हा करा. क्लिकच्या जिभा तुटल्या नसतील तर त्याच पट्ट्या परत बसतात.

जुन्या लाकडावरच व्हिनाइल टाकलंय असं निघालं तर काही वाचवू नका. भिजलेल्या लाकडाला वरून झाकण घातलं की ते खालून कुजतं.

लाकूडच हवं असेल तर

इंजिनिअर्ड १४-१५ मिमी, खाली १२ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शिक्का दाखवून घ्या, तोंडी नको. प्लायखाली दोन कोट इपॉक्सी मॉइश्चर बॅरिअर, कोबा आधी ग्राइंडरने खरवडून, कारण गुळगुळीत कोब्यावर इपॉक्सी पापुद्र्यासारखा सुटतो. प्लायच्या तुकड्यांमध्ये ३ मिमी फट, भिंतीकडे १२ मिमी. प्लाय आणि फळी यांच्या ओलीत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दोन दिवस आणखी थांबा.

खोलीची आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत ठेवायची. १२ × १५ फुटांच्या खोलीला दिवसाला २०-२५ लिटर ओढणारा डीह्युमिडिफायर पुरतो. मात्र तो आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के हवेतला असतो, प्रत्यक्षात कमी निघतं. पाणी डब्यात साठवू नका, डबा भरला की यंत्र बंद पडतं आणि नेमके तुम्ही गावाला असता. नळी थेट नालीत सोडा. यंत्र चालू असताना खिडक्या बंद. ‘हवा खेळती राहू दे’ म्हणून जुलैत तळघराची खिडकी उघडणं म्हणजे बाहेरची ओल आत बोलावणं; ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघडा. यंत्र नसेल तर खिडकी बंद ठेवून उपयोग नाही, तेव्हा पंखा लावून हवा फिरती ठेवलेलीच बरी. पण मग लाकूडही नको.

कोणताही माल घ्या, खोक्यावरचा बॅच क्रमांक टिपून एक खोकं जास्तीचं घ्या आणि वरच्या मजल्यावर आडवं ठेवा. क्लिकचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो, रंगही बॅचगणिक सरकतो. चार वर्षांनी एक पट्टी बदलायची वेळ आली तर तीच पट्टी दुकानात मिळत नाही.